पहिली ओंजळ

मळ्यात पाणी सोडायच्या आधी त्यातली एक ओंजळ आपण प्यायची, हा आमच्या घरातला नेम. प्यायची म्हणजे खरोखर प्यायची, नुसती ओठाला लावायची नाही. मोटर चालू झाली की बाबा पाइपच्या तोंडाशी उकिडवे बसत, सुरुवातीचं पाणी वाहून जाऊ देत, मग ओंजळ भरून तोंडात घेत आणि डोळे मिटून तसेच राहत. घोट खाली उतरला की म्हणत, "सोड." मग वेलीला पाणी. लहानपणी मला या प्रकाराचं हसू यायचं. तीच विहीर, तेच पाणी, त्यात रोज काय चाखायचं? मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ, एकदा विचारलंच. बाबा म्हणाले, "खालच्या अंगाले सारं खारं पाणी हाये, पोरी. ते आपल्या विहिरीत कोणत्या दिवशी येईन, सांगून येणार हाये का?"

आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथलं पाणी गोडं. पण पूर्णा नदीकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. तिथं विहीर खणा नाही तर बोअर मारा, पाणी खारंच. कपाशी, ज्वारी कशीबशी सोसते ते पाणी. नागवेलीला, म्हणजे विड्याच्या पानाच्या वेलीला, ते बिलकूल चालत नाही. आणि आमचं घर पानमळ्यावर जगलेलं.

मी लहान होते तेव्हा गावाच्या चारी अंगांना पानमळेच होते. आधाराला लावलेल्या उंच शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली, आणि बाहेर वैशाख पेटलेला असला तरी आत ओलसर गारवा. मळ्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या. मग येणारा तहसीलदार असो की व्याही, कुडाशी चपला काढल्याशिवाय आत पाऊल नाही. पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या, पान खाणारे कमी झाले, आणि गावातल्या जमिनीला लोक प्लॉट म्हणायला लागले. एकेक मळा मोडला. शेजारच्या काकांच्या मळ्यावर मंगल कार्यालय उभं आहे. लग्नसराईत तिथं डीजे लागला की आमच्या फळीवरची भांडी वाजतात. त्याच्या पलीकडे गाड्या धुण्याचं सेंटर, कोचिंग क्लासची पाटी, मोबाइलची दुकानं. घराघरांत थंड पाण्याचे जार आले.

मला हे सगळं वाईट वाटतं असं नाही बरं का. मी मोताळ्याला दिलेली. माझ्याही घरी जारच येतो. पूर्वी माहेरी यायचं म्हणजे गाड्या बदलता बदलता अर्धा दिवस जायचा आणि कंबर कामातून जायची. नवा रस्ता झाला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला असेल. पण त्याच रस्त्यानं आमच्या मळ्याचा मोठा तुकडा घेतला. विहीर राहिली रस्त्याच्या पलीकडे, आणि घर नि घराला लागून वेलीच्या उरलेल्या काही ओळी अलीकडे. रस्त्याखालून एक पाइप टाकून घेतला होता, त्यातून विहिरीचं पाणी या ओळींना यायचं.

रस्त्याला लागून असलेल्या त्या तुकड्यावर दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा डोळा होता. त्याला तिथं दुकानाचे गाळे काढायचे होते. त्याचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही, त्यालाही लेकरंबाळं आहेत. पण बाबांनी एकदा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "वेल जित्ती हाये तोवर त्या जाग्याले हात लावायचा नाई. वेल गेली, का मंग तुमी जे करान ते करा. मी एक शब्द बोलणार नाई." गावात तेवढाच पानमळा उरला होता. तो गेला असता तर बाबांनी सकाळी उठून जायचं कुठं, हा माझा प्रश्न होता.

त्या वैशाखात बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना तसंही अंधुकच दिसायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं: उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, धूळ नको, डोक्याला ताप नको. मी डोळ्यात औषध घालायला म्हणून माहेरी आले. बाबा आतल्या खोलीत काळा चष्मा लावून बसायचे आणि सकाळी उठल्या उठल्या एकच विचारायचे, "पाणी सुटलं का? चाखलं कोणं?"

"मी चाखलं, मामाजी," वहिनी म्हणायची. आणि खरंच ती चाखायची. वहिनी खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला पानमळा म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, पण आता वेल बांधावी तर तिनंच.

एका सकाळी रस्त्याच्या कडेला नाली खणायला मशीन आलं. मी दारात उभी होते. मशीनचा पंजा खाली गेला, वर आला, आणि त्याच्या दातांत आमचा पाइप लोंबत होता. मी ओरडले, धावले, हात हलवले. मशीनवाल्यानं कानाला हात लावून ऐकू येत नाही असं दाखवलं आणि पुढचा घास घेतला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कामावरचा माणूस म्हणाला, "दोन दिवसांत जोडून देऊ, ताई." दोन दिवस म्हणजे काय असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. वैशाखात वेलीला एक दिवसाआड पाणी लागतं. पाइप कुठं कुठं फुटला होता ते मातीखाली दिसत नव्हतं, आणि त्यावरून रात्रंदिवस गाड्या जात होत्या.

मी दादाच्या दुकानात गेले. तो गिऱ्हाइकाला मोबाइलची काच लावून देत होता. मी सांगितलं. त्यानं मान वर न करता ऐकलं आणि म्हणाला, "बाबाले सांगू नको. डोक्याले ताप करून घेतील, डोळा जाईन."

"आणि वेल?"

"पाहू ना काहीतरी."

"पाहू म्हणजे काय दादा? तुला तर बरंच झालं असेल!"

गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहिलं. दादाचा चेहरा उतरला, पण तो परत काच पुसायला लागला. आणि तो बोलला नाही म्हणूनच माझा संशय पक्का झाला. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी घरी येईपर्यंत मी सख्ख्या भावाला मनातल्या मनात नको नको ते बोलले.

मग घरात खोटं बोलायची पाळी आली. बाबा विचारत, "मोटरीचा आवाज काऊन येऊन नाई राह्यला?" मी म्हणे, "बाहेर मशीन धडधडतंय बाबा, त्यात मोटर कुठं ऐकू येणार?" ते मान डोलवत. मी घातलेला औषधाचा थेंब डोळ्याऐवजी गालावर पडायचा, आणि ते म्हणायचे, "काय वं, तुह्या हाताले काय झालं?" मला वाटायचं, आत्ता ओळखतील. त्यांच्या प्यायच्या पाण्याचा प्रश्न वेगळाच. बाबा जारचं पाणी पीत नसत. वहिनी खणलेल्या नालीवरच्या फळीवरून पलीकडे जायची, विहिरीतून कळशी भरायची आणि गाड्या चुकवत परत यायची. माणसापुरतं पाणी असं येतं. मळ्यापुरतं कसं आणायचं?

वेलीची पानं मान टाकायला लागली. सकाळी जरा उभी राहायची, ऊन चढलं की परत लोंबायची. पाइप जोडायला कुणी आलं नाही. कामावरचा माणूस फोन उचलेना. माझा जीव टांगणीला लागला होता. मी रोज दादाला बोलत होते, आणि तो रोज म्हणत होता, "हाव, हाव, करतो."

शेवटी त्यानं केलं. दुपारी एक टँकर दाराशी येऊन उभा राहिला. मी तेव्हा बाबांच्या डोळ्यात औषध घालत होते. त्यानंतर त्यांना थोडा वेळ उताणं धरून ठेवावं लागायचं, नाहीतर ते उठून बसत. बाहेरून टँकरवाल्याचा आवाज आला, "गोडं पाणी हाये, आमी सोता पेतो." माझं सगळं लक्ष बाहेर. बाबांना झोपवून मी परसात धावले, तोवर नळी ओळींत सोडलेली होती.

"वहिनी, चाखलं का?"

"चाखलं ताई." तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. "गोड हाये."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच कुडाला टेकून बसले. मातीतून तो ओला वास आला. दादा लांब उभा होता, चपला काढून. मी त्याच्याकडे पाहून हसले, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा. म्हटलं, जाऊ दे, उगाच बोलले बिचाऱ्याला.

एक दिवस सोडून तोच टँकर परत आला. पानं तरतरीत दिसायला लागली होती. टँकरचं पाणी कोपऱ्यातल्या शेवटच्या ओळीपर्यंत मात्र पोचत नव्हतं, तिथं उंचवटा आहे. त्या ओळीला वहिनी विहिरीच्या कळशा ओतायची.

पुढचं झालं ते एका कळशीवरून. त्या दिवशी फळी मशीनखाली सापडून मोडली. वहिनीला पलीकडे जाता आलं नाही. टँकरचं थोडं पाणी तिनं वरखर्चासाठी माठात भरून ठेवलं होतं, तेच तांब्यात भरून बाबांना नेऊन दिलं. मी शेजारीच बसून भाजी निवडत होते. बाबांनी घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. डोळ्यांवर काळा चष्मा, गाल जरासे फुगलेले. मग त्यांनी तो घोट गिळला नाही, खिडकीतून बाहेर थुंकला.

"हे कोठचं पाणी व्हय?"

मी म्हटलं, "आपल्याच विहिरीचं."

"पोरी, मह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं," बाबा म्हणाले, "जिभेचं नाई." मग हळू आवाजात, "मळ्यात देल्लं का हे?"

मी दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं. बाबा उठले. मी आडवी गेले, डॉक्टरांचं नाव घेतलं, हाताला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. भर उन्हात, काळ्या चष्म्यानिशी ते कुडापाशी गेले, चपला काढल्या आणि आत शिरले. हातानं पानं चाचपत ओळीतून चालत राहिले. एक पान तोडलं, दुमडलं, बोटांनी त्याची कड कुस्करली. कड करपायला लागली होती. आम्हाला ती दिसली नव्हती. ज्यांना धड दिसत नव्हतं त्यांच्या बोटांना ती लागली.

तेवढ्यात दादा दुकानातून धावत आला. माझ्या जिभेवर माझा ताबा राहिला नाही. मी ओरडले, "झालं ना तुझ्या मनासारखं? आणलंस ना खारं पाणी? काढ आता गाळे!"

दादा माझ्याकडे बघतच राहिला. वहिनी काहीतरी बोलायला पुढे झाली, तसं त्यानं तिला हातानं मागं सारलं आणि म्हणाला, "हाव. मीच आणलं. मीच चाखलं."

चाखलं वहिनीनं, हे मी कानांनी ऐकलं होतं. बाबा ओळीतूनच म्हणाले, "तू कधीपासून टँकरचं पाणी तोंडात घ्याले लागला बे? तुले तर जार लागते." मग थोडं थांबून, "ज्यानं चाखलं त्यानं सांगा. मी कोणाले बोलणार नाई."

"मी चाखलं, मामाजी," वहिनी म्हणाली. "जरासं जड लागलं. पण माह्या माहेरी दोन बोअर होते. एकाले सारे खारं म्हणत, एकाले गोड. गोडवाल्या बोअरचं पाणी असंच लागे. अगदी असंच. मले वाटलं, गोडच हाये."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ वेलींवर येऊन बसली.

त्या दिवशी दादा स्वतः नालीत उतरला. कामावरच्या माणसाची वाट न बघता त्यानं रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या नळकांड्यातून नवा पाइप ओढून घेतला. चिखलानं माखलेला, कोपरं सोललेली. संध्याकाळी विहिरीचं पाणी ओळींत आलं. बाबांनी ओंजळ घेतली आणि म्हणाले, "सोड." ते पाणी सोडत राहिले, मातीतलं मीठ खाली उतरावं म्हणून. मी दादाला हळदीचं दूध नेऊन दिलं, पण माफी काही मागता आली नाही. आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागत नाही.

उपयोग झाला नाही. दर सकाळी करप जरा आत सरकलेली असायची. आधी पानाच्या कडा, मग देठ, मग पानं गळून शेवरीच्या बुडाशी पडायला लागली. बाबांचा डोळा देवाच्या दयेनं शाबूत राहिला. काळा चष्मा निघाला, चांगलं दिसायला लागलं, आणि चांगलं दिसायला लागल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं ते हे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. वहिनी दिवसभर मळ्यात असायची. मी मनात ठरवून ठेवलं होतं, एकदा तिला नीट सुनवायचं: इतकी वर्षं या घरात राहून तुम्हाला आमच्या पाण्याची चव कळली नाही?

त्या सकाळी मी सुनवायलाच गेले. ती ओळीत खाली बसून गळालेली पानं टोपलीत भरत होती. बाबा आणि दादा कुडाशी उभे होते. मी तोंड उघडायच्या आत तिनंच एक काळं पडलेलं पान माझ्यासमोर धरलं.

"पाहा ताई. आठ दिवसांत गेली वेल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. तिला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "एवढीशी वेल हे पाणी आठ दिवस सोसू शकली नाई. माह्या बाबानं जलमभर तेच पेलं. किडन्या गेल्या तवा डॉक्टरनं इचारलं, पाणी कोणतं पेता? आमी म्हटलं, गोडं. सारे म्हणालो, गोडं! कोणी चाखून नाई पाह्यलं. आमच्या गावात माणसासाठी पाणी चाखणारं कोणीच नव्हतं जी!"

आणि मी तिला सुनवायला आले होते. तिच्या वडलांच्या दहाव्याला मी गेले होते. तिथं मी पाणीही प्यायले होते, तोंड वाकडं करून, आणि घरी येऊन त्यावर हसलेही होते.

बाबा म्हणाले, "तुह्या मायले आता कोणतं पाणी हाये?"

"नळ आला म्हणते, पण येते कधी, जाते कधी. माय बोअरचंच पेते. म्हणते, नळाचं गोड नाई लागत."

बाबांनी दादाकडे पाहिलं. "उद्या जाऊन घेऊन ये तिले. नाई म्हणन, तरी घेऊन ये." मग काठी टेकत ओळीकडे बघत ते थांबले आणि म्हणाले, "आन वेलीचं मी बोललो होतो ते बोललो होतो. वेल गेली. आता जागा तुमची."

दादानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. उंचवट्यावरची ती शेवटची ओळ हिरवी होती. "तथी जित्ती हाये ना," तो म्हणाला. "जित्ती असल्यावर मी कसा हात लावू?" आणि तो दुकानाकडे निघून गेला. मी कुडाला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. ते लपवायचा प्रयत्नही मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा वहिनीच्या आईला गाडीत बसवून घेऊन आला. बाई हातापायानं काटकुळी, पायांवर सूज. घरात आल्या आल्या तिला खाटेवर बसवलं. वहिनी स्वतः विहिरीवर गेली, पहिली ओंजळ प्यायली, कळशी भरून आणली आणि आईच्या हातात तांब्या दिला. आम्ही सगळे बघत उभे होतो. बाईनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि तांब्या खाली ठेवला.

"बाप्पा," ती म्हणाली, "ह्या पाण्याले तर काहीच चव नाई वं, पोरी."

वहिनी तिच्याजवळ खाटेवर बसली. तांब्या उचलून तिनं परत आईच्या ओठांशी धरला.

"मले बी आल्या आल्या असंच लागलं होतं, माय," ती म्हणाली. "पण पे."